अठरा गढांपासून एका गावापर्यंत : रायपूरच्या अखेरच्या कलचुरी राजाचा वारसा

शाळेच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी लेख लिहावयाचा म्हणजे शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घ्यावा, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. तो आढावा या अंकात इतरत्र आलेला आहेच. मी मात्र एका प्रश्नाचे उत्तर येथे देऊ इच्छिते. तो प्रश्न काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एका विद्यार्थिनीने मला विचारला होता, आणि त्या दिवशी मला त्याचे उत्तर देता आले नव्हते.

इतिहासाचा तास होता. नागपूरकर भोसल्यांची बंगालवरील स्वारी मी शिकवीत होते. १७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकर छत्तीसगडातून कसे गेले, रतनपूर कसे हाती आले, पुढे बिंबाजी भोसले येथे कसे आले, हे सांगताना माझ्या आवाजाला थोडी धार चढली असावी. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला आपले पूर्वज येथवर आले होते, हे सांगताना बरे वाटते. मी त्याला अपवाद नाही. तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी छत्तीसगढी बोलत. तिने विचारले, “बाई, रायपूरला तेव्हा राजा होता ना? मग त्याचं काय झालं?”

मी म्हणाले, “त्याचे राज्य गेले.” वाक्य खोटे नव्हते, पण ते उत्तरही नव्हते. राजाचे नावसुद्धा मला त्या क्षणी आठवले नाही. घंटा झाली आणि माझी सुटका झाली. त्यानंतर जमेल तसे वाचत गेले, आणि जे हाती लागले ते आज आपल्यासमोर ठेवीत आहे.

त्या राजाचे नाव अमरसिंह. हैहयवंशी कलचुरींच्या रायपूर शाखेचा तो शेवटचा राजा.

कलचुरी हे नाव आपल्यापैकी अनेकांनी त्रिपुरीच्या, म्हणजे जबलपूरजवळच्या तेवरच्या संदर्भात ऐकलेले असेल. त्याच घराण्याची एक शाखा दक्षिण कोसलात, आजच्या छत्तीसगडात आली. प्रथम तुम्माण आणि नंतर अकराव्या शतकात रत्नदेवाने वसविलेले रतनपूर ही तिची राजधानी होती. चौदाव्या शतकात या राज्याच्या दोन वाटण्या झाल्या. थोरली पाती रतनपूरला राहिली, धाकटी रायपूरच्या बाजूला आली. शिवनाथ नदीच्या उत्तरेला अठरा गढ आणि दक्षिणेला अठरा गढ, आणि या छत्तीस गढांवरून प्रदेशाला छत्तीसगड हे नाव पडले, अशी परंपरा आहे. गढ म्हणजे केवळ किल्ला नव्हे. एका गढाखाली साधारण चौऱ्याऐंशी गावे मानीत, बारा-बारा गावांचा एक गट करीत आणि प्रत्येक गावाचा प्रमुख गौंटिया असे. महसूल, सैन्य आणि न्याय ही सारी व्यवस्था या साखळीवर उभी होती. रायपूर, पाटण, सिमगा, दुर्ग, राजिम, सिरपूर, खल्लारी, फिंगेश्वर ही आपल्या रोजच्या बोलण्यातली नावे या दक्षिणेकडच्या अठरा गढांमधलीच आहेत.

धाकट्या पातीचा सर्वांत परिचित राजा ब्रह्मदेव. त्याच्या काळातील दोन शिलालेख उपलब्ध आहेत. रायपूरचा लेख १४०२ चा आहे आणि त्यात हाटकेश्वराचे मंदिर बांधल्याची नोंद आहे. खारून नदीच्या काठी महादेव घाटावर आपण ज्या हाटकेश्वर महादेवाचे दर्शन घेतो, त्याची आठवण इतकी जुनी आहे. दुसरा लेख खल्लारीचा, १४१५ चा. तो मला अधिक प्रिय आहे. देवपाल नावाच्या एका मोच्याने तेथे नारायणाचे मंदिर बांधले, असे त्यात कोरलेले आहे. पादत्राणे करणाऱ्या एका कारागिराचे नाव राजाच्या नावाशेजारी दगडावर कोरले जावे, ही गोष्ट मी आता प्रत्येक वर्गाला आवर्जून सांगते. याच घराण्याच्या लेखात ब्रह्मदेवाचा आजोबा सिंघण याने शत्रूचे अठरा गढ जिंकल्याचाही उल्लेख येतो. म्हणजे कलचुरींनाही हा प्रदेश आयता मिळालेला नव्हता. त्यांनीही तो कोणाकडून तरी घेतलेला होता. हे येथेच नोंदवून ठेवते, कारण पुढच्या कथेत एक घेणारा आणि एक गमावणारा आहे, आणि या भूमिका कायमच्या कोणाच्या नसतात.

ब्रह्मदेवानंतर तीन शतकांनी अमरसिंह गादीवर आला. आरंग येथे मिळालेला त्याचा विक्रम संवत १७९२ चा, म्हणजे इ.स. १७३५ चा ताम्रपट उपलब्ध आहे. त्या ताम्रपटात तो नेहमीच्या राजासारखाच दिसतो, आपल्या प्रजाजनांना सवलती देणारा. सहा वर्षांनी काय होणार आहे, याची चाहूल त्यात कोठेही नाही.

१७४१ मध्ये भास्करपंतांची फौज बंगालच्या वाटेवर रतनपूरला पोहोचली. तेथे राजा रघुनाथसिंह होता. तो वृद्ध होता आणि एकुलत्या एका मुलाच्या मृत्यूने खचलेला होता. त्याने प्रतिकार असा केलाच नाही. तोफा वाड्यावर डागल्या गेल्या तेव्हा आतून शरणागतीचे निशाण वर आले. नगरावर एक लाख रुपयांचा दंड बसला. सात शतके नांदलेल्या राजवटीचा शेवट असा जवळजवळ लढाईविनाच झाला.

रायपूरच्या अमरसिंहाला मात्र त्या वेळी कोणी हात लावला नाही. फौजेचे लक्ष बंगालकडे होते. भास्करपंत स्वतः १७४४ मध्ये बंगालात अलीवर्दीखानाच्या कपटाला बळी पडले, आणि पुढील काही वर्षे भोसल्यांचे सारे बळ बंगाल-ओडिशाकडेच गुंतून राहिले. रायपूर नऊ वर्षे तसेच राहिले. मग १७५० मध्ये अमरसिंहाला गादीवरून शांतपणे दूर करण्यात आले. लढाई झाली नाही, वेढा पडला नाही. कदाचित म्हणूनच आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला जागा मिळाली नाही. इतिहासाला आवाज झाल्याशिवाय ऐकू येत नाही. त्याच्या निर्वाहासाठी राजिम, पाटण आणि रायपूर हे तीन परगणे त्याच्याकडे ठेवले गेले, आणि त्यांच्यासाठीही वर्षाला ७,००० रुपये भोसल्यांकडे भरण्याची अट होती. काल जो अठरा गढांचा धनी होता तो आज आपल्याच तीन परगण्यांचा खंडकरी झाला.

तीन वर्षांनी, १७५३ मध्ये, अमरसिंह वारला. त्याचा मुलगा शिवराजसिंह त्या वेळी तीर्थयात्रेला गेलेला होता. वारस जागेवर नाही, एवढे कारण पुरेसे झाले. तीन परगणे जप्त करण्यात आले.

या प्रसंगाशी मी बराच काळ थांबले होते. आपल्या मराठी मुलखात वतन ही किती पवित्र गोष्ट मानली जात असे, हे आपण जाणतो. पाटीलकी असो, कुलकर्ण असो, देशमुखी असो, वतनावरचा हक्क सिद्ध करण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालत, गोतसभा भरत, महजर लिहिले जात. वतनदार परागंदा झाला आणि त्याचा नातू चाळीस वर्षांनी परतला, तरी गावाला त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागे. वारशाचा इतका मान राखणाऱ्या लोकांनी यात्रेला गेलेल्या मुलाची वाट पाहिली नाही. राजकारणात असे होतेच, असे म्हणून पुढे जाता येते. परंतु तीर्थाहून परतताना वेशीवरच आपले काही उरले नाही हे ज्याला कळले असेल, त्या माणसाचा विचार मनातून जात नाही.

आता कथेत दुसरा वारस येतो, आणि तो आपला आहे.

१७५५ मध्ये पहिले रघुजी भोसले वारले. त्यांना चार मुलगे होते : जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी. वयाने जानोजी थोरले, पण मुधोजी थोरल्या राणीचे. या एका मुद्द्यावर नागपूरच्या घरात तेढ पडली. पेशव्यांच्या मध्यस्थीने जानोजींना सेनासाहेब सुभा हे पद मिळाले, मुधोजींकडे चांदा आले, आणि धाकट्या बिंबाजींच्या वाट्याला छत्तीसगड आले. ही तडजोडही टिकली नाही. जानोजींना मुलगा नव्हता. त्यांनी मुधोजींचा मुलगा दत्तक घेण्याचे ठरविले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर साबाजी व मुधोजी हे भाऊ गादीसाठी लढले. १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावच्या रणांगणावर मुधोजींच्या हातून साबाजी मारले गेले.

या सगळ्यापासून दूर, १७५७-५८ च्या सुमारास, बिंबाजी रतनपूरला आले आणि येथलेच झाले. जवळजवळ तीस वर्षे, १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांनी येथून कारभार पाहिला. नाव नागपूरचे असले तरी दरबार त्यांचा स्वतंत्र होता. रतनपूर आणि रायपूर या दोन्ही पातींचा प्रदेश त्यांनी एका कारभाराखाली आणला. रतनपूरच्या रामटेकडीवरील राममंदिर त्यांचेच. रामटेकच्या आठवणीने त्यांनी ते बांधले असावे, असे त्या टेकडीवर उभे राहिले की कोणाही नागपूरकराला वाटेल. मोडी लिपी आणि मराठी भाषा येथल्या दप्तरात आली ती त्यांच्या काळात. दसऱ्याला सोने वाटण्याची चाल त्यांनी येथे रूढ केली, असेही सांगतात. आज आपण शाळेत मुलांच्या हाती आपट्याची पाने देतो, तेव्हा तो धागा कोठून आला याची आठवण ठेवण्यास हरकत नाही.

परंतु बिंबाजींची जी कृती मला सर्वांत मोलाची वाटते, ती मंदिर बांधण्याची नाही. ते येथे आल्यावर शिवराजसिंहाचे गाऱ्हाणे त्यांच्यापर्यंत पोहोचले. त्यांनी महासमुंद भागातले बडगाव हे गाव त्याला करमुक्त दिले आणि रायपूर इलाख्यातल्या प्रत्येक गावातून एक रुपया घेण्याचा हक्क त्याला लावून दिला.

गावामागे एक रुपया ही रक्कम किती मोठी होती, याचा हिशोब येथे महत्त्वाचा नाही. तिचा अर्थ महत्त्वाचा आहे. ज्या गौंटियाने तो रुपया दरवर्षी काढून ठेवला असेल, त्याला ठाऊक होते की सारा भोसल्यांचा आणि हा एक रुपया जुन्या राजाचा. राज्य परत मिळाले नाही, मिळणारही नव्हते. पण येथे आपल्या आधी कोणी तरी होते, ही गोष्ट नव्या सत्ताधीशाने दप्तरात लिहून दिली. घरात स्वतः धाकटा असलेल्या, वाटणीत राजधानीपासून लांबचा मुलूख आलेल्या बिंबाजींना वारसा हिरावलेल्या माणसाचे दुःख थोडे अधिक समजले असेल का? कागदपत्रे याचे उत्तर देत नाहीत. मला तसे वाटते, इतकेच म्हणता येईल. झालेला अन्याय त्यांनी पुसला असे मी म्हणणार नाही. तीन परगण्यांच्या जागी एक गाव, हा न्याय नव्हे. पण ती कबुली होती, आणि कबुली देणारे सत्ताधीश इतिहासात फार थोडे आहेत.

ही व्यवस्था १८२२ पर्यंत चालली. तोवर बिंबाजी जाऊन पस्तीस वर्षे झाली होती. त्यांच्यामागे छत्तीसगड त्यांचे पुतणे व्यंकोजी यांच्याकडे आले. ते येथे न राहता सुभेदारांकरवी कारभार चालवीत. १८१८ नंतर नागपूरच्या अल्पवयीन राजाच्या वतीने ब्रिटिश अधिकारी कारभार पाहू लागले आणि मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आले. आपल्या शहराचे आजचे महत्त्व तेथून सुरू होते. याच काळात, १८२२ मध्ये, गावामागचा तो रुपया बंद झाला आणि त्याच्या मोबदल्यात शिवराजसिंहाचा मुलगा रघुनाथसिंह याला बडगावखेरीज आणखी काही गावे करमुक्त देण्यात आली. अमरसिंहाचा नातू आता राजा नव्हता, जहागीरदारही नव्हता. काही गावांचा मालगुजार होता. अठरा गढ, मग तीन परगणे, मग एक गाव आणि एक रुपया, मग मूठभर गावे. एका घराण्याचा उतार इतक्या नेमक्या आकड्यांत क्वचितच पाहावयास मिळतो.

कथा येथे संपली असती, तर ती फक्त कलचुरींची राहिली असती. परंतु १८५३ च्या डिसेंबरमध्ये तिसरे रघुजी भोसले नागपुरात वारले. त्यांना मुलगा नव्हता. ते स्वतः दत्तक म्हणून गादीवर आले होते आणि १८१८ मध्ये ते दत्तकविधान ब्रिटिशांनी मान्य केले होते. आता मात्र लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य, त्याबरोबर आपले छत्तीसगडही, खालसा झाले. ‘वारस नाही’ हेच कारण पुन्हा पुढे आले. एका शतकापूर्वी तीर्थयात्रेला गेलेल्या शिवराजसिंहाच्या बाबतीत जे पुरेसे ठरले होते तेच. राजवाड्यातले जडजवाहीर, हत्ती, घोडे लिलावात निघाले. राजघराण्यातील वृद्ध बांकाबाईंनी विरोध केला, विनवण्या केल्या. उपयोग झाला नाही. पुढे १८५७ च्या उठावानंतर दत्तक पुत्र जानोजींना ‘देऊरचे राजे बहादूर’ हा किताब आणि सातारा जिल्ह्यातले देऊर वंशपरंपरेने मिळाले. कलचुरींना बडगाव, भोसल्यांना देऊर. ज्यांनी एके काळी दुसऱ्याला गाव तोडून दिले, त्यांना शंभर वर्षांनी तिसऱ्याने गाव तोडून दिले.

देऊरची हकिकत आपण हळहळून वाचतो. बडगावची आपल्याला ठाऊकच नसते. हा फरक माझ्या लक्षात आला तेव्हा त्या मुलीचा प्रश्न मला पुरता कळला. ती मला राजाचे नाव विचारीत नव्हती. आमच्या बाजूचे दुःख तुमच्या धड्यात आहे का, असे ती विचारीत होती.

याच वाचनात एक समाधानही मिळाले. अमरसिंहाच्या पूर्वजांचे ताम्रपट आणि शिलालेख वाचून, त्यांचा कालानुक्रम लावून, ते जगासमोर नीट मांडणारा विद्वान कोण? महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी. कोकणात जन्मलेले आणि नागपुरात आयुष्य वेचलेले हे संशोधक. कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा त्यांचा दोन भागांचा प्रचंड ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला; आजही कलचुरींवर लिहिणाऱ्या कोणालाही त्यांच्यावाचून पुढे जाता येत नाही. ‘मिरास’ म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेला हक्क, आणि ‘मिराशी’ म्हणजे तो हक्क असणारा. या नावाच्या माणसाने आयुष्याची अनेक वर्षे घालवून दुसऱ्या एका घराण्याची मिरास त्याला परत केली. भूमी परत करता येत नाही, पण नाव परत करता येते. मराठी माणसाने छत्तीसगडला दिलेल्या गोष्टींत मी या ग्रंथाला रामटेकडीच्या मंदिराइतकेच वरचे स्थान देईन.

साठ वर्षांपूर्वी आपल्या पूर्वसूरींनी ही शाळा उभी केली ती भाषेचा वारसा टिकावा म्हणून. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी पालक मला विचारतात, “येथे मराठी शिकून मुलाला काय मिळणार?” मी नोकरीचे, व्यवहाराचे उत्तर देत नाही, कारण ते पुरते खरे नसते. मी सांगते, की या शहराच्या जुन्या दप्तरातला काही भाग मोडीत आहे, या प्रदेशाच्या एका जुन्या राजघराण्यावर मराठी विद्वानाने लिहिले आहे, आणि आपण येथे कसे आलो हे आपल्याच भाषेत, काहीही न लपविता वाचता यावे, यासाठी मराठी शिकावयाची. वारसा म्हणजे केवळ मिळालेली वस्तू नव्हे. ती कोणाकडून आली, याची आठवणही त्यातच येते.

ती विद्यार्थिनी शाळेतून बाहेर पडून बरीच वर्षे झाली. ही स्मरणिका माजी विद्यार्थ्यांच्या हाती जाणार आहे, तेव्हा कदाचित तिच्याही हाती पडेल. बाळ, उशीर झाला. पण उत्तर असे आहे. राजाचे नाव अमरसिंह होते. त्याचे राज्य आपल्या लोकांनी घेतले. त्याचा मुलगा यात्रेला गेला असताना उरलेलेही घेतले. नंतर आपल्यातल्याच एकाने त्यातले थोडेसे परत केले. आता आठवीच्या वर्गात मी भास्करपंतांचे नाव फळ्यावर लिहिते, तेव्हा त्याच्या शेजारी अमरसिंहाचेही लिहिते, आणि दोन्ही नावे मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगते.